कोपर धरणारे साहेब

नमस्कारासाठी पुढे आलेला हात सोडून समोरच्याचे कोपर चाचपणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. कोपराच्या आतल्या अंगाला, हाडाच्या खोबणीत, एक शीर असते. महारोगात, म्हणजे आमच्या भागातल्या रक्तपितीत, ती दोरीसारखी जाड होते. ही गोष्ट खरी आहे, आणि ती मला त्यांनीच शिकवली. मात्र ती शीर पाहण्यासाठी साहेबांना रोगी लागत नसे. तहसीलदारांची भेट असो, एस.टी.च्या कंडक्टरकडून तिकीट घेणे असो की हॉटेलवाल्याने पुढे केलेला चहा असो, साहेबांचा अंगठा आधी कोपराकडे जाई. शीर दाबली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तहसीलदार दचकत, त्यांच्या हातातला टाक गळून पडे, आणि साहेब प्रसन्नपणे म्हणत, "उत्तम. संवेदना शाबूत आहे." आमच्याकडच्या कचेऱ्यांना असा दाखला त्याआधी कोणी दिला नव्हता, आणि नंतरही कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

आमचा जिल्हा हैदराबादेकडून सुटून मुंबईकडे, आणि तिथून महाराष्ट्रात आला, त्या दिवसांतली ही हकिगत. नवे राज्य आले की नवी खाती येतात, आणि नव्या खात्यांबरोबर नवी माणसे येतात. साहेब असेच पुणे-साताऱ्याच्या बाजूने आले. काम एका वाक्यात सांगण्यासारखे होते: गावोगाव जाऊन प्रत्येक माणसाचे अंग तपासायचे, महारोगी शोधायचा, त्याचे नाव लिहायचे आणि त्याला गोळ्या द्यायच्या. यातले तपासणे, शोधणे आणि लिहिणे आम्ही नेटाने केले. गोळ्या मागाहून यायच्या होत्या.

मी तुळजापूरच्या एका कारकुनाच्या घरातला, नुकताच नोकरीला लागलेला. साहेबांची पेटी सांभाळणे आणि ते सांगतील ते लिहिणे, हे माझे काम. लोक मला उगीचच कंपौंडर म्हणत. आता पन्नाशी उलटली आहे. दुसऱ्याला हसण्याआधी स्वतःकडे एकदा पाहून घ्यावे, ही सवय मी उशिराने लावून घेतली. तरीही त्या मोहिमेविषयी लिहू लागलो की शब्दांत तुच्छता उतरते. ती मी खोडत नाही. तिच्यातला माझा वाटा वाचकांनी मला द्यावा, एवढीच विनंती आहे.

साहेबांना सावलीचा मनस्वी तिटकारा होता. अंगावरचा फिकट डाग तिरप्या उन्हात चांगला दिसतो, म्हणून ते स्वतःही उन्हातच बसत. भर वैशाखात, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, स्वतःबरोबर आणलेल्या तिपाईवर चावडीपुढे बसलेली ती मूर्ती अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. नाकाची साल निघालेली, कान तांबडेलाल, आणि तोंडात एकच शब्द: "उजेडात या." हा शब्द ते रोग्याला म्हणत, गुरांना म्हणत, एकदा तर नळदुर्गच्या डाक बंगल्यात माझ्या पानातल्या भाजीलाही म्हणाले. झाकलेली गोष्ट म्हणजे सडलेली गोष्ट, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे हळू बोलणे त्यांना ठाऊक नव्हते. एखाद्याच्या पाठीवर काही दिसले की ते त्याला नव्हे, गावाला सांगत.

तपासणीची रीत साधी होती. डाग दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचे आणि कोंबडीचे पीस डागावरून फिरवायचे. स्पर्श जाणवला की त्याने तिथे बोट ठेवायचे. बोट आले नाही तर टाचणी. टाचणीही कळली नाही तर गरम आणि गार पाण्याच्या काचेच्या नळ्या. "डोळे मिटा, बोट ठेवा" हे शब्द आमच्या जीपच्या पुढे धावू लागले. पोरे त्याचा खेळ खेळत. मोठी माणसे खेळत नसत. पोलिस ॲक्शनच्या आधीच्या वर्षांत रझाकारांच्या गाडीचा आवाज आला की शेतात पळायचे, हे शिक्षण त्यांना मिळालेले होते. आमची जीप दिसली की जोंधळ्यात माणसे शिरत. ज्याला खरोखर काही झालेले असे तो सर्वांत आधी शिरे, हे सांगायला नकोच. राहिलेल्या निरोगी गावाची तपासणी आम्ही अत्यंत काटेकोरपणे करत असू.

आमचा ड्रायव्हर करीमचाचा हैदराबादेच्या जमान्यापासूनचा. तो जीपच्या सावलीत बसून हे बघे आणि दखनीत म्हणे, "साब चोर कू पकडने जाते, और जाते वख्त ढोल बजाते."

एका गावच्या शाळेत साहेबांनी मुलांचे सदरे उतरवून त्यांना ओळीने उभे केले. काहींच्या गालांवर फिकट चट्टे होते, जंत झालेल्या मुलांना असतात तसे. साहेबांनी "संशयित" असा शेरा सांगितला, मी लिहिला. मास्तरांनी त्याच दिवशी त्या मुलांना वेगळ्या तरटावर बसवले. पुढच्या फेरीत साहेबांनी तीच मुले पुन्हा तपासली आणि खणखणीत आवाजात सांगितले की यांना काही झालेले नाही. मास्तर हात जोडून म्हणाले, "फार आनंद झाला, साहेब." तरट मात्र तिथेच होते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या की. त्यांच्या आया म्हणतात, आता सवय झालीय." नाव लावण्याची रीत खात्यापाशी होती, नाव काढण्याची रीत कोणी बसवलेलीच नव्हती. साहेबांना यात वावगे काही दिसले नाही. "संशय हा उपचाराचा बाप आहे," ते म्हणाले. आई कोण, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

अणदूरकडच्या एका लग्नात त्यांना मानाने बोलावले होते. नवरदेवाला आशीर्वाद देताना त्यांचा अंगठा सवयीने कोपरावर गेला, आणि शीर नीट सापडेना म्हणून तिथेच घुटमळला. वधूकडच्या मंडळींनी ते पाहिले. अक्षतांच्या आधी मांडवात कुजबुज सुरू झाली, मुलीच्या मामाने नवरदेवाला उघड्या अंगाने पाहायचे आहे असे बजावले, आणि मुहूर्त टळता टळता वाचला. साहेबांना कोणी जेवायला थांबवले नाही. परतताना ते जीपमध्ये कमालीच्या प्रामाणिक दुःखाने म्हणाले, "मुलगा अगदी ठणठणीत होता हो. मी तर तेच सांगणार होतो."

त्यांच्याविषयी नुसता उपहास लिहिणे मला जमत नाही, याचे कारण त्यांचा रविवार. त्या दिवशी सकाळी ते डाक बंगल्याच्या अंगणात सदरा काढून उन्हाकडे पाठ करून बसत आणि मला त्यांची पाठ तपासायला लावत. पीस, टाचणी, नळ्या, सगळे. मी आळस केला तर रागावत. "माझ्या पाठीचा भरवसा मला कसा असेल?" ते म्हणत. डोळे मिटून, मान खाली घालून, पिसाचा स्पर्श होताच हात मागे नेऊन अचूक बोट ठेवणारा तो एकटा माणूस पाहिला की मला त्यांची कीव येई. त्यांनी जगाकडे मागितलेले सर्व काही ते स्वतःकडेही मागत होते. फक्त त्यांच्या अंगणात गाव जमत नव्हते.

आता भामाक्काविषयी.

नळदुर्गच्या पुढे, बोरी नदीच्या कडेला एक गाव आहे. त्याचे नाव मी सांगत नाही. त्या गावाने आमच्यामुळे पुरेसे सोसले. तिथे आम्ही उन्हाळ्याच्या अखेरीस गेलो, त्या दिवशी पहिला सापडला तो बाबू, मेंढरे राखणारा तरणा पोर. दंडावर तांबूस चट्टा, पीस कळले नाही, टाचणी कळली नाही, आणि कोपराची शीर खरोखरच दोरीसारखी जाड. रोग खरा होता आणि अगदी कोवळा होता. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या असत्या तर आमच्या मोहिमेचे सार्थक झाले असते. पण पेटीत गोळ्या नव्हत्या. साहेबांनी त्याला गावासमोर रोगाचे नाव सांगितले, घाबरू नकोस म्हणून बजावले, आणि गोळ्या येईपर्यंत वेगळे झोपायला सांगितले. बाबू मेंढरे घेऊन कर्नाटकाच्या अंगाला निघून गेला तो पावसाळा सरल्यावरच परतला. तोवर त्याची करंगळी वळू लागली होती.

त्याच्यानंतर बायकांची ओळ. खात्यात नर्सबाई मंजूर होत्या, नेमलेल्या नव्हत्या. म्हणून बायकांचे हात, पाय आणि चेहरा एवढेच पाहायचे. भामाक्का ओळीत पहिली उभी राहिली. ती तुळजाभवानीची आराधी होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, काखेला जोगव्याची परडी. मंगळवार-शुक्रवारी ती दारोदार जोगवा मागे, आणि नवरात्रात देवीचा पेटता पोत उघड्या हातावरून फिरवत सबंध गावापुढे नाचे. पोत म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा जाड काकडा. खऱ्या आराध्याला आईचा पोत भाजत नाही, ही त्या गावाची पिढ्यांची समजूत. भामाक्का विधवा होती. शेत नाही, मूल नाही. तो न भाजणारा पोत हीच तिची भाकर होती आणि तोच तिचा मान.

तिच्या उजव्या हातावर हळदीचा जाड लेप होता. साहेबांनी ओल्या कापसाने तो पुसला. खाली तळव्याएवढा फिकट, चकचकीत डाग निघाला.

"डोळे मिटा. लागलं की बोट ठेवा."

पीस फिरले. बोट आले नाही. टाचणी टोचली. भामाक्का डोळे मिटून शांत उभी होती. ओळीतल्या बायका एकेक पाऊल मागे सरकल्या.

मी साहेबांच्या कानाशी वाकलो. "या आराधी आहेत, साहेब. पोताचा चटका असू शकेल. खोल भाजलं तरी कातडी बधिर होते. बाजूला घेऊन विचारू या."

कुजबुजीला कुजबुजीने उत्तर देतात, हे त्यांच्या गावीही नव्हते. "पोत म्हणजे काय?" त्यांनी चावडीभर ऐकू जाईल असे विचारले.

पाटील पुढे झाले. "देवीचा पोत, साहेब. पेटता काकडा. आक्का हातावरनं फिरिवती. समदं गाव बघतं नवरात्रात."

"पेटता? मग भाजत असणार."

"भाजतंय कशाला? आईचा हाय त्यो."

साहेब भामाक्काकडे वळले. "बाई, खरं सांगा. हा डाग भाजल्याचा आहे का?"

तिने डोळे उघडले. आधी हाताकडे पाहिले, मग पाटलांकडे, मग ओळीतल्या बायकांकडे. ती काय तोलते आहे हे त्या चावडीत साहेबांखेरीज सर्वांना कळत असावे.

"आईचा पोत मला कवाच भाजला न्हाय," ती म्हणाली.

"नक्की?"

"इतकी वर्सं खेळते. इचारा की गावाला."

गावाने माना हलवल्या. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? भाजलेलं नाही. लिहा."

मी लिहिले. देव मानत नाही असे चारचौघांत सांगणाऱ्या त्या बुद्धिवादी माणसाने त्या दिवशी देवीचा चमत्कार सरकारी पुरावा म्हणून दाखल करून घेतला. पेटता काकडा माणसाच्या कातडीला भाजत नाही, हे शास्त्राला मान्य झाले. मग डाग उरतो कशाचा? रोगाचा. तर्कात कुठेही खोट नव्हती. भामाक्काने परडी वाचवण्यासाठी एक वाक्य उच्चारले, आणि त्याच वाक्याने तिची परडी गेली.

पुढच्या मंगळवारी तिला कोणी जोगवा घातला नाही. दिराने तिचे अंथरूण ओढ्यापलीकडच्या खोपटात नेऊन टाकले. पुढे नवरात्र आले. पोत दुसऱ्या आराध्याकडे गेला. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पाटील म्हणाले, "आमी कुठं हाकललं, साहेब? सरकारनंच सांगितलं की रगतपिती हाय. सरकारचं ऐकाय नगो व्हय?"

यथावकाश गोळ्या आल्या. त्या खोपटापर्यंत पोचवणे माझ्याकडे होते. एकदा मी धीर करून म्हणालो, "भामाक्का, इथं कोणी नाही. खरं काय ते सांगा. मी साहेबांना समजावीन."

तिने गोळी पाण्याबरोबर गिळली. "ह्यानं लई मळमळतंय बघ, कंपौंडर." मग ओढ्याकडे तोंड केले. "त्या साली वारं लई व्हतं. ज्वाळ मागं फिरली. म्या हळद लावली आन झाकून घेतलं. आईनं न्हाय भाजलं, वाऱ्यानं भाजलं. पर गाव वाऱ्याला कुठं वळखतंय?"

"मग तसं सांगा ना चावडीत."

"आन काय व्हईल? आज रोगी म्हून लांब बसवलंय. लोकं लांबनं का व्हईना, माळंच्या पाया पडत्यात. उद्या भाजलं म्हनलं की माळ बी काढून घेतील. रोग कुणालाबी व्हतो, लेकरा. पोत भाजतो त्यो खोट्याला."

मी परत आलो. माझ्याकडे तिच्यासाठी आणखी गोळ्या होत्या, दुसरे काही नव्हते.

साहेब मूर्ख नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे. पुढच्या फेऱ्यांत त्यांनी भामाक्काच्या कानाच्या पाळीतले पाणी काचेवर घेऊन तपासायला पाठवले. त्यात काही निघाले नाही. कोपराची शीर पातळ होती. डागाच्या कडा वर्षभरात रेसभरही हलल्या नव्हत्या. एका रविवारी मी त्यांच्या पाठीवर पीस फिरवत असताना ते अचानक म्हणाले, "ती बाई रोगी नाही. माझी चूक झाली. उद्या चावडीत जाऊन सांगतो."

"काय सांगणार, साहेब?"

"जे आहे ते. डाग भाजल्याचा आहे."

तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. पोत, माळ, जोगवा, वारा. त्यांनी सदरा चढवला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि प्रथमच उन्हातून उठून व्हरांड्यात जाऊन बसले. तिला निरोगी म्हटले तर ती खोटी ठरणार होती, आणि रोगी म्हटले तर अस्पृश्य. रोग शोधण्याचे प्रशिक्षण त्यांना मिळाले होते. शोधून झालेला आणि मुळात नसलेला रोग परत कसा घ्यावा, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे गाव जमले. भामाक्का लांब, पिंपळाच्या पारापलीकडे उभी होती. साहेब तिपाईवरून उठले आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात आयुष्यातले बहुधा पहिलेच असत्य बोलले. "या बाईंना रोग होता. तो पूर्ण बरा झाला आहे. यांच्यापासून कोणालाही धोका नाही. यांना गावात घ्या, यांची परडी यांना द्या."

 मग पाटील म्हणाले, "रगतपिती बरी व्हती व्हय, साहेब?"

"होते. गोळ्यांनी होते."

"मग बाबूला बी तुमच्याच गोळ्या हायेत की. त्येचं बोट तर वाकडंच ऱ्हायलं."

"त्याचा रोग वेगळा आहे. त्याला वेळ लागेल. त्याने गोळ्या सोडता कामा नयेत."

बायकांतून एक म्हातारी म्हणाली, "गोळी तीच, आन ह्येला येळ, आक्काला झट? गोळीचं काय सांगताव, साहेब. आईनं केलं म्हना."

हे वाक्य गावात पसरायला वेळ लागला नाही, कारण गाव त्याची वाटच पाहत होते. ज्यांनी तिला ओढ्यापलीकडे नेऊन टाकले होते त्यांना आता लाजायचे कारण उरले नाही. देवीने परीक्षा पाहिली होती, एवढेच. "आई राजा उदो उदो" असा गजर झाला. माणसे पारापलीकडे धावली. दिरानेच भामाक्काच्या पायांवर पाणी घातले. तिने गर्दीतून एकदा आमच्याकडे पाहिले. त्या नजरेत आनंद होता असे म्हणणे सोपे जाईल. मला तिथे भीती दिसली. साहेब उन्हात उभे होते. सबंध जिल्ह्यात आमच्या मोहिमेने पूर्ण बरा केलेला तो पहिला रोगी, आणि त्याला रोगच नव्हता.

पुढे जे झाले ते कोणीही ओळखावे. भामाक्काने रक्तपिती पळवली, ही बातमी बोरी नदीच्या दोन्ही काठांनी गेली. आमची जीप पाहून जोंधळ्यात शिरणारी माणसे आता शुक्रवारी भामाक्काच्या दारात दिवसाउजेडी बसू लागली. आम्ही तीन वर्षे हिंडून जे शोधू शकलो नव्हतो ते रोगी आपल्या पायांनी तिथे येत होते: जाडावलेले कान, झडलेल्या भुवया, चिंध्या बांधलेली पावले. एका शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा अंगणात ती सगळी ओळ पाहून साहेब जागच्या जागी थांबले. त्यांचा अंगठा नकळत हलू लागला होता.

ओळीत बाबू होता. खांद्यावरून घोंगडी, दोन्ही हात आत.

"बाबू, गोळ्या घेतोस ना?"

"न्हाय, साहेब. आता अंगारा लावतो. आक्कासारखं बरं व्हईल."

 साहेब उंबऱ्यापाशी गेले. भामाक्का आत परडीपुढे बसली होती, पहिल्यापेक्षा वाळलेली. "बाई," साहेब म्हणाले, आणि मी त्यांचा आवाज प्रथमच इतका खाली आलेला ऐकला, "यांना सांगा. यांना खरा रोग आहे. अंगाऱ्याने जाणार नाही."

"म्या काय सांगू? बरी झाली म्हून चावडीत तुमी सांगितलं का म्या?"

साहेबांनी अंगणातल्या ओळीकडे पाहिले.

"म्या रोज आईला म्हनते, ही माणसं माघारी धाड. जात न्हायती." तिने पदराने तोंड पुसले. "एक करा, साहेब. गोळ्या हितं ठिवून जावा. अंगाऱ्यासंगं म्या देते. माझ्या हातनं खातील. समदी खातील."

मी चटकन गोळ्यांचा डबा पुढे केला. साहेबांनी तो घेतला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"पर नाव इचारायचं न्हाय," ती म्हणाली. "आन चावडीत कुणाला उघडं करायचं न्हाय. नाव लिवलं की हितं बी कुनी येनार न्हाय."

साहेबांचा हात डब्याच्या झाकणावरच होता. "नावाशिवाय गोळी देता येत नाही, बाई. कोणाला दिली, कोणाला नाही, कोण बरा झाला, हे कळणार कसं?"

"माझं नाव लिवलं व्हतं की. काय कळलं?"

अंगणात सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "साहेब, ठेवू या. मी दर शुक्रवारी येऊन पाहत जाईन."

ते तसेच वाकून उभे राहिले. मला वाटले, ते हात काढून घेतील. मग त्यांनी डबा उचलला. "एकदा नियम सोडून बोललो, त्याचं हे फळ समोर बसलंय," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा नाही." आणि ते जीपकडे चालू लागले. ते ढोंग करत नव्हते. आपण आता कुठे सचोटीकडे परतलो आहोत, असेच त्यांना वाटत होते. अशा माणसाला वाईट म्हणायची सोय नसते, आणि म्हणून तो थांबवताही येत नाही.

जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्याकडे दिलेला डबा माझ्या मांडीवर होता. मी तो उंबऱ्यावर परत नेला नाही. करीमचाचाने गाडी सुरू केली. आम्ही असेपर्यंत बाबूने घोंगडीतून हात काढले नव्हते. जीप वळली तेव्हा मागे पाहिले, तर त्याचा नंबर आला होता. त्याने दोन्ही मनगटांत दाबून धरलेला नारळ बाहेर काढला. बोटे सगळी वळून गेली होती, काही धरण्याजोगे एकही उरले नव्हते. त्याला तो खाली ठेवता येईना. भामाक्का उठून अंगणात आली आणि तिने तो आपल्या हातांनी सोडवून घेतला.